अभ्यासिकेतले लॅपटॉप आणि कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४, अमळनेर

अभ्यासिकेतले सगळे लॅपटॉप आजपासून माझ्याकडे देखभालीला आले. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी वापरून झाल्यावर देणगीत दिलेली यंत्रं आहेत. डेलची लॅटिट्यूड, लेनोव्होची थिंकपॅड आणि काही आयडियापॅड, एचपीची प्रोबुक, शिवाय गावातल्या लोकांनी घरून आणून दिलेली आसूस आणि एसर. सगळ्यांवर विंडोज १० नव्याने टाकलेलं आहे, म्हणजे कंपनीने मुळात दिलेलं सॉफ्टवेअर कुठेच शिल्लक नाही.

संस्थेचे आप्पा सरळ विचारते झाले, "भाऊ, ते कंपनीचं बॅटरीवालं सॉफ्टवेअर टाकायचं का नाही, ते एकदाचं सांगून टाका. एक पोरगा म्हणतो टाकल्याशिवाय बॅटरी टिकत नाही, दुसरा म्हणतो त्यानेच मशीन जड होतं." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं, पण वाटण्यावर आप्पांना उत्तर देणार नाही. तपासून देईन.

पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी ही मुलं पारोळा-धरणगावच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने येतात. लाईट गेली की टेबलावरचा लॅपटॉप तासभर तरी चालला पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा. आज निम्मी यंत्रं चार्जर काढताच मान टाकतात.

एका लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय. क्लिक होत नाही म्हणून मुलं माउस लावून चालवत होती. खाली बॅटरी फुगलीय. ते यंत्र लगेच बंद करून चार्जरपासून वेगळं केलं. आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू साठतो, त्याने पिशवी फुगते. ती टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. मुलांना जमवून प्रत्यक्ष दाखवलं. यात कुणाचा हात भाजू शकतो, म्हणून हे सगळ्यात आधी.

६ मार्च

आज प्रत्येक यंत्राचा बॅटरी अहवाल काढला. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोज ८ पासून पॉवरसीएफजी नावाच्या आज्ञेतच बॅटरीरिपोर्टची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा दिली की एक वेबपान तयार होतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं तर ते सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि मग लोक ते डेस्कटॉपवर शोधत राहतात. जतन कुठे झालं तो पत्ता खिडकीत शेवटच्या ओळीत लिहून येतो, तो वाचावा.

त्या पानावर माझ्या कामाचे आकडे तीनच : डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी आणि सायकल काउंट. कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं, आज किती मावतं आणि भरण्या-उतरण्याच्या किती फेऱ्या झाल्या.

एक जोडी फार बोलकी सापडली. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप, दोघांत दोन वर्षांपूर्वी एकाच वेळी नव्या बॅटऱ्या टाकलेल्या. दोन्हींची मूळ क्षमता ४२,००० मिलीवॉट-तास. पहिला पश्चिमेच्या भिंतीला लागून, दिवसरात्र चार्जरवर. त्याच्या फेऱ्या अवघ्या ३८, पण आज मावतं २४,८००. दुसरा ग्रंथपाल ताईंचा. रोज घरी जातो, बॅटरीवर चालतो, उतरतो, पुन्हा भरतो. त्याच्या फेऱ्या २९० आणि मावतं ३३,१००.

जी बॅटरी कामाला लावली ती टिकली, जी नुसती भरून ठेवली ती झिजली. दोन यंत्रांवरून नियम मांडता येत नाही हे खरं, पण लिथियम-आयनच्या रसायनाबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. या बॅटरीचा एकेक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो, आणि त्या ताणलेल्या स्थितीत पडून राहणं तिला सोसत नाही. त्यात उष्णता मिळाली की झीज आणखी वेगाने होते. बॅटरी युनिव्हर्सिटी या बॅटऱ्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाचा तक्ता या धंद्यातल्या बहुतेकांना पाठ असतो : २५ अंशांत पूर्ण भरून वर्षभर ठेवली तर क्षमता ८० टक्क्यांवर येते, ४० टक्के भरून ठेवली तर ९६ वर. तेच ४० अंशांत ठेवली तर पूर्ण भरलेली ६५ वर आणि ४० टक्के भरलेली ८५ वर. अमळनेरात ४० अंश म्हणजे मार्चअखेरची साधी दुपार. थंड प्रदेशात बसून लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालवून चालणार नाही.

९ मार्च

कंपनीचं सॉफ्टवेअर नक्की करतं काय, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. ते समजल्याशिवाय ठेवा-काढा हा वाद मिटत नाही.

बॅटरी कधी भरायची आणि कुठे थांबायचं, हे विंडोज ठरवत नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग हे सगळं तिच्याकडे. लॅपटॉप बंद असला तरी चार्जर लावल्यावर बॅटरी भरते ती तिच्यामुळेच. कंपनीचं ॲप म्हणजे त्या चिपला निरोप पोचवणारा माणूस. निरोप जातो ड्रायव्हरमार्फत, म्हणजे विंडोज आणि चिप यांना जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमार्फत. म्हणजे खाली चिप, तिच्यावर ड्रायव्हर, मग पार्श्वभूमीवर चालणारी सेवा आणि सगळ्यात वर रंगीत बटणांचं ॲप.

बॅटरी काठोकाठ भरू नये म्हणून "८० टक्क्यांवर थांब" हे सांगायची जागाच विंडोज १० मध्ये नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या चिपची भाषा वेगळी. बाकी स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हावी, झोप कधी लागावी, प्रोसेसर किती पळावा हे सगळं विंडोजकडे आधीपासून आहे. बॅटरीच्या चित्रावर क्लिक केल्यावर दिसणारी सरकपट्टी २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. पॉवर प्लॅन, म्हणजे या सगळ्या सेटिंगचा एकत्र संच, तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

म्हणजे शोधायचं एवढंच उरलं : चार्जची मर्यादा या यंत्रावर लावता येते का, आणि ती लावायला ॲप लागतंच का.

मुलांपैकी एकाने विचारलं, "मग ॲप काढून टाकलं तर चिप विसरते का?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. थिंकपॅडवर विसरत नाही, मर्यादा चिपमध्येच राहते. सगळ्याच कंपन्यांचं तसं असेल असं धरून चालणार नाही, म्हणून प्रत्येक यंत्रावर लावून, बंद करून, पुन्हा सुरू करून बघायचं ठरवलं.

१५ मार्च

डेल आणि एचपी आटोपले. या दोन्हींना ॲपची गरज पडली नाही, हा मोठाच दिलासा.

डेल लॅटिट्यूड सुरू करताना एफ२ दाबत राहिलं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरता येतं. तिथे पॉवर मॅनेजमेंटखाली बॅटरी चार्जची मांडणी आहे : अडॅप्टिव्ह, स्टँडर्ड, एक्सप्रेस चार्ज, प्रायमरिली एसी यूज आणि कस्टम. कस्टममध्ये भरायला सुरुवात कुठे आणि थांबायचं कुठे हे दोन्ही आकडे आपण द्यायचे. सुरुवात ५० ते ९५ च्या दरम्यान, शेवट ५५ ते १०० च्या दरम्यान, दोघांत किमान ५ चं अंतर.

हे अंतर किती ठेवायचं यावर मी बराच वेळ घालवला. सगळीकडे ५० आणि ८० असं सुचवतात, म्हणजे बॅटरीला सारखं थोडं-थोडं भरावं लागत नाही. पण आमच्याकडे लाईट दिवसातून केव्हाही जाते. समजा बॅटरी ८० वर होती, लाईट गेली, ५५ पर्यंत उतरली आणि लाईट आली. सुरुवातीचा आकडा ५० असेल तर ती ५५ वरच थांबून राहणार, कारण ५० च्या खाली गेल्याशिवाय चिप चार्जिंग सुरू करणारच नाही. पुढच्या वेळी लाईट गेली की मुलाच्या हाती निम्मीच बॅटरी. म्हणून इथे ७५ ला सुरुवात, ८० ला शेवट. जिथे वीज भरवशाची आहे तिथल्या माणसाने अंतर जास्त ठेवावं, त्याला ते परवडतं.

एचपीच्या प्रोबुकमध्ये एफ१० ने बायोस उघडतो. तिथे बॅटरी हेल्थ मॅनेजर आहे. "मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ" निवडलं की चार्ज ८० वर थांबतो. ज्या प्रोबुकांवर हा पर्याय दिसत नव्हता त्यांचा बायोस जुना होता. अद्ययावत केल्यावर दिसू लागला. बायोस अपडेट करताना बॅटरी पुरेशी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवं. लाईट जायची वेळ टाळून सकाळी केलं.

दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर बायोसला पासवर्ड घातला. पासवर्ड आप्पांच्या वहीत.

१८ मार्च

थिंकपॅडचा मर्यादेचा आकडा बायोसमधून देता येत नाही, तिथे लेनोव्हो व्हँटेज हे कंपनीचं ॲप लागतं. जुन्या पिढीतले लोक पॉवर मॅनेजर म्हणायचे, तेच काम आता व्हँटेजकडे आलंय. आधी लेनोव्होचा पॉवर मॅनेजमेंट ड्रायव्हर टाकला, मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून व्हँटेज. ड्रायव्हर न टाकता नुसतं ॲप टाकलं तर ॲप उघडतं खरं, पण मर्यादेचा भागच दिसत नाही, आणि माणूस म्हणतो माझ्या लॅपटॉपमध्ये ही सोय नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांकडे हे मी अनेकदा पाहिलंय.

व्हँटेजचा दुसरा फायदाही नोंदवतो. थिंकपॅडवर ते बॅटरीचं तापमान, फेऱ्या, बनल्याची तारीख सगळं उघड दाखवतं. पश्चिम भिंतीकडच्या यंत्राचं तापमान दुपारी ३ ला आणि पूर्वेकडच्या थंड कोपऱ्यातलं, दोन्ही शेजारी ठेवून आप्पांना दाखवलं. टेबलं हलवायला ते लगेच तयार झाले. नुसत्या सांगण्याने ते झालं नसतं.

थिंकपॅडवरही ७५–८०. मर्यादा लावली, यंत्र बंद केलं, ॲप काढलं, पुन्हा सुरू केलं. मर्यादा जागेवर होती.

आयडियापॅडची गोष्ट वेगळी. त्यावर आकडा देता येत नाही, फक्त कन्झर्व्हेशन मोड चालू किंवा बंद. जुन्या मॉडेलांवर तो ५५ ते ६० च्या दरम्यान थांबतो, नव्यांवर ७५ ते ८०. आमच्यातले जुने आहेत. यांचं काय करायचं ते नंतर ठरवू, कारण ६० टक्के पुरतात की नाही हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

२१ मार्च

आसूसवर मायआसूस टाकलं, त्याच्या आधी आसूस सिस्टिम कंट्रोल इंटरफेस हा ड्रायव्हर. बॅटरी हेल्थ चार्जिंगमध्ये तीन पायऱ्या : १००, ८० आणि ६०. ८० च्या पायरीला ७८ च्या खाली आल्यावर पुन्हा भरायला लागतं, म्हणजे आम्हाला हवं तसंच. एसरवर केअर सेंटरमधून ८० ची मर्यादा लागली. फार काही लिहिण्यासारखं नाही.

२७ मार्च

आता तक्रारीची बाजू. घरून देणगीत आलेल्या एका लॅपटॉपवर कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर-पेटारं टाकून मुद्दाम आठवडाभर चालवून बघितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. थोड्याफार फरकाने हे इतरांकडेही होतं.

पहिल्याच दिवशी त्यावर बसणाऱ्या ताईने सांगितलं की वाचता-वाचता स्क्रीन आपोआप मंद होते आणि टायपिंग अडखळतं. तपासलं तर पेटाऱ्याने स्वतःचा पॉवर प्लॅन तयार करून तोच चालू केला होता. आपण विंडोजमध्ये जाऊन बदल केले की काही वेळाने त्याची सेवा ते पुन्हा स्वतःच्या मनासारखे करून टाकायची. एका बैलजोडीचे कासरे दोघांच्या हातात दिल्यासारखं झालं. बैल कुणाचं ऐकणार?

पॉवरसीएफजीच्या एनर्जी आज्ञेने ६० सेकंदांची पाहणी केली. अहवालात जी कामं प्रोसेसरला स्वस्थ बसू देत नव्हती त्यांत वीज वाचवायला म्हणून आलेल्या त्याच पेटाऱ्याची सेवा होती. शिवाय कोपऱ्यात वॉरंटी वाढवा, अमुक सेवा घ्या अशा चिठ्ठ्या येत राहायच्या. स्पर्धा परीक्षेचा पेपर सोडवणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर हे नको.

पेटारं काढलं तरी त्याचा प्लॅन मागे राहिला. पॉवरसीएफजीच्या रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स या आज्ञेने सगळे प्लॅन मुळावर आणले, तेव्हा यंत्र ताळ्यावर आलं. ही आज्ञा आपण स्वतः बनवलेले प्लॅनही पुसते, हे ध्यानात ठेवून वापरावी.

चार्जची मर्यादा मात्र याच पेटाऱ्यात होती आणि ती उत्तम चालत होती. म्हणून नंतर फक्त ड्रायव्हर आणि मर्यादेचा भाग ठेवला. कामगिरी वाढवणारं, नेटवर्क सुधारणारं, जागा साफ करणारं असं बाकीचं सगळं काढलं. ताईची तक्रार थांबली.

३ एप्रिल

आप्पांनी विचारलं की मोठ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर आहे तर सगळं राहू द्यायला काय हरकत. हरकत आहे, आणि ती लिहून ठेवतो, कारण या यंत्रांवर मुलं अर्ज भरतात, आधार आणि बँकेचे तपशील देतात.

कंपनीची ही सॉफ्टवेअरं यंत्राच्या अगदी आतल्या हक्कांनिशी चालतात. त्याशिवाय त्यांना चिपशी बोलताच येत नाही. म्हणून त्यांच्यात भगदाड पडलं तर ते साध्या ॲपमधल्या भगदाडापेक्षा घातक. २०१८ मध्ये आसूसच्या लाइव्ह अपडेट या अद्ययावत करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच हल्लेखोरांनी शिरकाव केला होता. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने ते मार्च २०१९ मध्ये उघड केलं, शॅडोहॅमर या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. मे २०२१ मध्ये डेलच्या बायोस अपडेट करणाऱ्या एका ड्रायव्हरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. तो ड्रायव्हर २००९ पासून यंत्रांवर जात होता. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली. दोन्हींची यंत्रं मी आजही बिनधास्त विकत घेईन. पण जे वापरत नाही ते आत ठेवायचं नाही आणि जे ठेवलं ते अद्ययावत ठेवायचं, एवढं यातून ठरतं.

नियम केला : बायोसमध्ये मर्यादा असेल तर ॲप नाही. नसेल तर ड्रायव्हर आणि ॲप, तेही फक्त कंपनीच्या अधिकृत पानावरून किंवा स्टोअरमधून. यूट्यूबखालच्या लिंकवरून आणलेलं काहीही नाही.

१८ एप्रिल

लाईट दुपारी गेली ती संध्याकाळी आली. आणि अपेक्षेप्रमाणे भांडण माझ्या दारात. चोपड्याकडचा एक मुलगा आला, "भाऊ, बॅटरी भरस नही, ऐंशीवरच थांबी जास. खराब व्हयनी का?" त्याला बसवून सांगितलं की ती बिघडलेली नाही, तिला थांबायला सांगितलंय. पण त्याच्या मनातला खरा प्रश्न दुसरा होता : लाईट जाते तिथे २० टक्के सोडून द्यायचे कशाला?

याचं उत्तर हिशेबानेच द्यायला हवं. पीडीएफ वाचताना, स्क्रीन मध्यम ठेवून, आमची यंत्रं साधारण ९ वॉट ओढतात. पश्चिम भिंतीचा तो झिजलेला लॅपटॉप घ्या : २४.८ वॉट-तास. पूर्ण भरला तर पावणेतीन तास, ८० वर सव्वादोन तासांच्या जरा आत. म्हणजे सोडले अर्ध्या तासापेक्षा थोडे जास्त. ग्रंथपाल ताईंचा पूर्ण भरून ३ तास ४० मिनिटं, ८० वर जेमतेम ३ तास. एरवी लाईट तास-दीड तासात येते, तेवढ्याला ८० सहज पुरतात. आजच्यासारख्या दिवशी १०० सुद्धा पुरले नसते. आणि तो अर्धा तास वाचवायला बॅटरी रोज काठोकाठ ठेवली, तर दोन वर्षांनी पूर्ण भरूनही आजच्या ८० एवढी चालणार नाही. ताईंच्या आणि भिंतीकडच्या यंत्राचे अहवाल शेजारी ठेवून दाखवले. मुलगा मुकाट्याने आकडे उतरवून घेऊन गेला.

जुन्या आयडियापॅडचा निर्णयही यातच झाला. ६० टक्क्यांवर दीड तासाच्या आसपास. लाईट लांबली तर कमी पडेल. ते आयडियापॅड इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हलवले आणि कन्झर्व्हेशन मोड चालू ठेवला. त्यांना बॅटरीवर फार वेळ काढायचाच नाही.

राउटरही इन्व्हर्टरवर घेतला. लॅपटॉप चालू आणि नेट बंद असेल तर ऑनलाइन सराव परीक्षा देणाऱ्याला त्या ८०-१०० च्या वादाचा काय उपयोग?

९ मे

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मुली माहेरी येतील, मुलं गावी जातील. १३ तारखेला मतदान, तोवर अभ्यासिका बंद. एवढे दिवस यंत्रं पत्र्याच्या खोलीत चार्जरवर ठेवणं म्हणजे वर लिहिलेला तो ४० अंशांचा प्रयोग स्वतःच्या बॅटऱ्यांवर करणं. सगळी निम्म्याच्या आसपास उतरवली, पूर्ण शट डाउन केली, स्लीपमध्ये ठेवली नाहीत. ऑफिसच्या जाड भिंतीच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. इथे कोणतंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही, हे हातानेच करावं लागतं.

अभ्यासिकेतल्या बापूंना हे सगळं समजावताना ते म्हणाले, "म्हणजे केळीच्या घडासारखंच, उन्हात ठेवायचं नाही." बापू केळीच्या रावेरकडचे, त्यांना वेगळं सांगायची गरज पडली नाही.

२४ मे

पारा ४४ च्या आसपास फिरतोय. कूलरचं वारंही गरम. आज दोन यंत्रांवर "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" आलं, आणि टक्के होते ५२ आणि ६१. ही मर्यादा नव्हे. मर्यादा असती तर ८० च्या जवळ थांबली असती. लिथियम-आयन बॅटरीला सर्वसाधारणपणे शून्य ते ४५ अंशांच्या दरम्यानच भरतात. सेल त्याहून तापला की संरक्षणाचा भाग चार्जिंग तोडतो. चार्जर चांगला, बॅटरी चांगली, खोली गरम. यंत्रं बंद करून सावलीच्या खोलीत नेली, थंड झाल्यावर भरायला लागली. उन्हाळ्यात अशा वेळी लोक नवा चार्जर विकत घेतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

पंखे सतत ओरडतात त्यावरही आज काम केलं. कंपन्यांच्या ॲपमध्ये शांत मोड, थंड मोड असतात. ते खोटे नाहीत, काही खरंच पंख्याची आणि प्रोसेसरची मर्यादा बदलतात. पण आमच्या मिश्र ताफ्यात सगळीकडे एकच उपाय हवा होता. विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरचा कमाल आकडा १०० वरून ९९ केला. त्या एका आकड्याने प्रोसेसरचं टर्बो बंद होतं, म्हणजे मूळ वेगाच्या वर उडी मारणं थांबतं. वाचणं, टायपिंग, व्हिडिओ यांत मुलांना फरक जाणवला नाही, पंखे मात्र खाली आले. तळाला हात लावला तर तोही आधीइतका तापत नव्हता. पावसाळा लागला की पुन्हा १०० करायचं.

१२ जून

पाऊस पडून गेला, बोरी नदीकडून वारं सुटलंय. सगळे ९९ पुन्हा १०० केले.

एका थिंकपॅडवर विंडोजच्या जागी आता लिनक्स आहे, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या दोघांसाठी. तिथे कंपनीचं काहीच लागलं नाही. कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, थिंकपॅडच्या मर्यादेची सोय आहे, टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे लिहिले, झालं. आसूसचं आणि आयडियापॅडचंही कर्नेलला कळतं. हे बघून एक मुलगी म्हणाली की मग विंडोजमध्ये असं का नाही. तिचं म्हणणं अगदी योग्य आहे. जी गोष्ट प्रत्येक लॅपटॉपला लागते ती प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या पेटाऱ्यात शोधावी लागू नये.

या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून १९४५ मध्ये सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकांत नावारूपाला आली. त्याच गावातल्या मुलीने असा प्रश्न विचारला याचा मला आनंद झाला. तिला कर्नेलची ती फाइल उघडून कशी वाचायची ते दाखवलं.

२२ जून

पुन्हा सगळे अहवाल काढले. भिंतीकडच्या यंत्राचा आकडा २४,८०० वरून २५,३०० झालेला दिसला. बॅटरी काही वाढत नसते. आतला मापक अंदाज बांधतो, आणि बॅटरी बरेच दिवस थोड्या टप्प्यातच वरखाली होत राहिली की तो अंदाज हलतो. एक-दोन महिन्यांतून एकदा मर्यादा काढून पूर्ण भरायची, मग बरीच उतरू द्यायची, पुन्हा मर्यादा लावायची, म्हणजे मापक ताळ्यावर राहतो. थिंकपॅडवर त्यासाठी व्हँटेजमध्ये गेज रीसेटची सोय आहे. इतक्या थोड्या काळात बॅटरी वाचली असा दावा करता येत नाही, मी करणारही नाही. खरी तुलना पुढच्या मार्चच्या अहवालाशी.

आप्पांना लेखी उत्तर दिलं. डेल आणि एचपी : कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर टाकू नका, बायोसमध्ये मर्यादा लावलेली आहे. थिंकपॅड, आयडियापॅड, आसूस, एसर : ड्रायव्हर आणि मर्यादा लावणारं ॲप टाका, बाकीच्या जोडण्या घेऊ नका. पॉवर प्लॅन सगळीकडे विंडोजचाच. ज्या मुलांचा स्वतःचा लॅपटॉप आहे आणि रोज चार्जरवर असतो, त्यांनी ही मर्यादा आजच लावावी. ज्याचा लॅपटॉप दिवसभर शेतात किंवा प्रवासात बॅटरीवर चालतो त्याने १०० पर्यंत भरावा, वापरावा, चिंता करू नये. त्याने भरून ठेवायचं तेवढं टाळावं.

प्रत्येक यंत्रावर झाकणाच्या आत चिकटपट्टी लावली (जुन्या आयडियापॅडवर ८० च्या जागी ६०) : "८० वर थांबते, बिघाड नाही. गरम असेल तर बंद करून सावलीत ठेवा. टचपॅड वर आला तर बापूंना सांगा."

फुगलेली बॅटरी ई-कचऱ्याच्या संकलनात दिली, पावती फायलीत. तीन यंत्रांना नव्या बॅटऱ्या हव्यात, मूळ बनावटीच्या मागवतोय. आल्या की आधी मर्यादा लावायची, मग टेबलावर ठेवायच्या. विंडोज १० च्या समर्थनाची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५, कोणत्या यंत्रांवर पुढे लिनक्स टाकायचं त्याची यादी पुढच्या नोंदीत.